काळी गाडी कुणाची

शनिवार, ९ फेब्रुवारी २०१९. ब्रिजटाउन बंदर.

शेजारणींना सांगितलं, डोळे दाखवायला बार्बाडोसला चालले. लेकीला, अनीसला, सांगितलं की तुझा बाप गेल्यापासून घर खायला उठतं, आठ दिवस समुद्रावर फिरून येते. तिने टोरांटोहून लगेच तिकीट पाठवलं आणि फोनवर रडलीसुद्धा. खरी गोष्ट फक्त या वहीत लिहिते आहे. मी या जहाजावर कथबर्ट रेजिसची अब्रू काढायला चढले आहे.

एकोणसत्तर वर्षं ग्रेनाडात काढली. ही पांढरी जहाजं डोळ्यांसमोरून येता-जाता बघितली, पण आत पाय ठेवायची वेळ आज पहिल्यांदा आली. जहाज कसलं, आमच्या गुयाव गावचं चर्च एकावर एक चार वेळा ठेवावं एवढी इमारत. बंदरावर एका पोरीने गळ्यात कागदी फुलांची माळ घातली आणि म्हणाली, "कॅरिबियनमध्ये आपलं स्वागत आहे." मी म्हटलं, "बाई गं, मी इथलीच आहे." तिला वाटलं मी विनोद केला.

केबिनला खिडकी नाही. खिडकी असायला हवी तिथे समुद्राचं चित्र लावलंय. बाहेर खरा समुद्र असताना. पलंगावर टॉवेलचा हंस करून ठेवला होता. मोडावा की राहू द्यावा, या विचारात बराच वेळ उभी राहिले. मग मोडला.

दुपारी सगळ्यांना डेकवर उभं करून लाइफजॅकेट घालायला शिकवलं. माझा पट्टा अडकला तो मागच्या एका इंग्लिश बाईने सोडवला. "घाबरू नका हं. चौदा वेळा आलेय मी, एकदाही बुडाले नाही." या मिसेस हॉलवर्थ, लीड्सच्या, विधवा. जेवायला माझ्याच टेबलावर आहेत. बोलतात फार, पण मनाने बऱ्या वाटल्या.

जिन्याजवळ कार्यक्रमांचा तक्ता आहे. त्यात लिहिलंय : 'रोज दुपारी चार वाजता, पोहण्याच्या पूलाशेजारी, काळी गाडी या अजरामर गाण्याचे जनक लॉर्ड नटमेग.' फोटोत कथबर्ट दात काढून हसतोय.

जनक म्हणे.

रविवार, १० फेब्रुवारी. कॅस्ट्रीज.

सगळे सेंट लुशिया बघायला उतरले. मी नाही उतरले. सेंट लुशियात माझी मावशी वीस वर्षं राहत होती, मला काय बघायचंय.

चार वाजता पूलापाशी जाऊन शेवटच्या रांगेत बसले. टोपी कपाळापर्यंत ओढली होती, पण त्याची गरज नव्हती. त्याने मला सत्तेचाळीस वर्षांत पाहिलेलं नाही. पंचाहत्तरीचा झालाय. पाठीत वाकलाय. अंगात फुलाफुलांचा शर्ट, डोक्यावर गवताची हॅट. ग्रेनाडातला कुठला पुरुष अशी हॅट घालतो? आधी तीन-चार गाणी इकडची तिकडची म्हणाला आणि मग 'काळी गाडी'.

काळी गाडी, काळी गाडी, पहाटे सुटली उतारावर,
मासेवालीची पाटी उडाली, मासे विखुरले रस्त्यावर.
गाडी चालवत कोण होतं? विचारू नका, विचारू नका.
साहेब म्हणतात भूत होतं, भुताचं नाव पुसू नका.

आणि लोक नाचत होते. ओल्या कपड्यांत, हातात लाल-पिवळी सरबतं घेऊन, पोटं हलवत. 'विचारू नका'ला सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या अशी तिथे पद्धत पाडलेली आहे. कुणाला ठाऊक असणार की ही मा झेली आहे, मरून पडलेली?

मिसेस हॉलवर्थ परत येऊन शेजारी बसल्या होत्या. म्हणाल्या, "त्यांचा डावा हात बघितलात? दोनच बोटं चालतात. बिचारे." मी म्हटलं, "चोराचा हात असाच असतो." त्या उठल्या. मग मला खायला केक आणून दिला.

जे घडलं ते असं. १९७२ च्या जानेवारीत आमच्या गावात पेल साहेबाच्या काळ्या गाडीखाली मा झेली सापडली. पहाटेची डोक्यावर माशांची पाटी घेऊन चढ चढत होती. साहेबाचा मळा तेव्हा अर्ध्या गावाएवढा होता. गाडी साहेब स्वतः चालवत होता आणि प्यालेला होता, हे सगळ्या गावाला कळलं होतं, पण चौकशी काही झाली नाही. माझा नवरा अल्बन साहेबाचा ड्रायव्हर. त्या पहाटे त्याला सुट्टी होती. होता कुठे म्हणाल तर मासे धरायला गेला होता, पण मासे मिळाले नव्हते.

पंधरा दिवसांनी अल्बनने स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून हे गाणं लिहिलं. मी समोर अळूची पानं निवडत होते, पोटात अनीस. तो लिहिताना रडत होता. मला वाटलं, किती हळवा नवरा मिळालाय आपल्याला. एका परक्या बाईसाठी रडतो.

कार्निव्हल आला आणि तेच गाणं कथबर्टच्या तोंडून ऐकलं. कथबर्ट म्हणजे अल्बनचा जिवलग, आमच्या लग्नात त्यानेच गिटार वाजवली होती. गाण्यांचा तंबू नुसता उसळत होता. घरी आल्यावर मी अल्बनला म्हटलं, "अरे, हे तर तुझं गाणं." तो बूट काढत होता. म्हणाला, "कथबर्टने घेतलं." पुढे एक शब्द नाही. आठवड्याच्या आत कथबर्ट शिडाच्या बोटीत बसून त्रिनिदादला पळाला. पुन्हा कधी बेटावर फिरकला नाही. चोर कशाला फिरकतोय.

गाणं मात्र राहिलं. रेडिओवर, लग्नात, बसमध्ये. जमैकापर्यंत गेलं. आणि माझा अल्बन आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या चालवत राहिला. गेल्या सप्टेंबरात गेला. पाद्री म्हणाले, "एक साधा ड्रायव्हर, पण सज्जन माणूस." मी पहिल्या बाकावर बसून ऐकलं. तेव्हाच ठरवलं. कथबर्ट या जहाजावर गातो, हे गावात कुणापासून लपलेलं नव्हतं.

सोमवार, ११ फेब्रुवारी. अँटिग्वा.

कागद बरोबर आणलाय. अल्बनच्या अक्षरातला, शाळेच्या वहीचा. वर तारीख आहे. आणि त्यात चौथं कडवं आहे, जे कथबर्टने कधीच म्हटलं नाही, कारण त्याच्या डोक्यातून आलेलं नव्हतं. याहून मोठा पुरावा काय असतो?

आज पुन्हा बसून ऐकलं. गाताना तो डोळे मिटतो. बाकीच्या गाण्यांना नाही मिटत. लाज वाटत असेल. वाटू दे.

मला अल्बनची आठवण येते ती अशी : रेडिओवर 'काळी गाडी' लागली की तो उठून अंगणात जायचा. एकदाही पूर्ण ऐकलं नाही. चिडलेला मात्र कधी दिसला नाही. आणि त्याचं मन किती मोठं, की दर गुड फ्रायडेला कथबर्टच्या म्हाताऱ्या आईला मासे नेऊन द्यायचा, ती जाईपर्यंत. मी भांडायचे. "तुला लुबाडणाऱ्याच्या आईला?" तो म्हणायचा, "तू नको त्यात पडू, एल्मिना." कथबर्टची बहीण ऑगस्टा अजून आमच्याच गावात आहे. मी तिच्याशी १९७२ पासून बोलत नाही. चर्चमध्ये प्रार्थनेत एकमेकांना शांतीचा हात द्यायची वेळ आली की मी दुसरीकडे वळते.

जहाजावर खाणं सतत चालू असतं. सकाळी सातला सुरू होतं ते थांबत नाही. आज त्यांनी 'बेटांची मेजवानी' ठेवली होती. नीरफणस नारळाच्या दुधात शिजवलाय म्हणे, त्यात हळद नाही, खारवलेलं मांस नाही, अळूही नाही. मी वाढणाऱ्याला म्हटलं, "हे आजारी माणसाचं जेवण आहे का?" तो हसला. तो मनिलाचा आहे. म्हणाला, "आमच्या देशाचं जेवणही हे असंच बिघडवतात, आजी."

बुधवार, १३ फेब्रुवारी. समुद्रात.

झालं.

आज दिवसभर किनारा नव्हता, त्यामुळे पूलापाशी माणूस मावत नव्हता. गाण्यांच्या शेवटी कार्यक्रमवाला मुलगा माइक घेऊन फिरतो आणि विचारतो, कुणाला दोन शब्द बोलायचेत का. रोज कुणीतरी वाढदिवस नाहीतर लग्नाची तारीख सांगतं. मी हात वर केला. निळा पोशाख घातला होता, चर्चचा, हॅटसकट. त्याला वाटलं असणार, ही आजी आता गोड काहीतरी बोलणार.

मी म्हटलं, "माझं नाव एल्मिना मोडेस्ट. गुयाव, ग्रेनाडा. तुम्ही आत्ता ज्या गाण्यावर नाचलात ते या माणसाने केलेलं नाही. ते माझ्या नवऱ्याने केलं, अल्बन मोडेस्टने. या माणसाने ते चोरलं आणि आयुष्यभर त्यावर जगला. हा कागद बघा. आणि यात एक कडवं आहे जे याला येत नाही."

मग मी वाचलं. आवाज कापला नाही.

मी होतो शेजारी, शेजारी बसून, डोळे मिटले, तोंडही मिटलं,
काळ्या गाडीत भूत नव्हतं, माणूस होता, त्याने सोसलं.
मासे वेचले, बाई नाही वेचली, उतारावरून निघून आलो,
गाडी चालवत कोण होतं? विचाराल तर मीही गेलो.

कथबर्टने पहिल्या ओळीलाच गिटार खाली ठेवली होती. माझ्याकडे बघत होता, आणि चौथ्या ओळीला त्याचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. म्हणजे येत होतं त्याला. पाठ होतं. तरी कधी म्हटलं नाही. इतकं चांगलं कडवं गाळायचं म्हणजे काय माणूस असेल.

कार्यक्रमवाला माइक मागत होता. मी दिला नाही. म्हटलं, "बोल कथबर्ट. खोटं आहे का?"

तो उठून उभा राहिला. हॅट काढली. म्हणाला, "नाही. गाणं अल्बनचंच आहे. शब्द न् शब्द."

"मग जनक कोण?"

"अल्बन."

एवढंच. बाजू मांडली नाही, भांडला नाही. कुणीतरी शी करून ओरडलं. एका माणसाने त्याच्याकडे लिंबाची फोड फेकली, ती त्याच्या शर्टाला लागली. मिसेस हॉलवर्थ तेवढ्या उठल्या आणि त्या माणसाच्या हातातला पेला काढून घेतला.

मी जिंकले. सत्तेचाळीस वर्षांनी, तेही शंभर-दोनशे माणसांसमोर. रात्री भूक लागेल वाटलं होतं.

गुरुवार, १४ फेब्रुवारी. मार्टिनिक.

व्हॅलेंटाइनचा दिवस. नाश्त्याच्या आमलेटवरसुद्धा हृदय काढलंय.

लोक जाता-येता माझा हात दाबतात. "शाब्बास." एका बाईने माझ्याबरोबर फोटो काढला. मिसेस हॉलवर्थ दुसऱ्या टेबलावर बसल्या. विचारलं तर म्हणाल्या, "तुमचं खरं असेल. पण त्यांना बघवत नव्हतं हो." मला राग आला. ज्याने चोरलं त्याची दया, आणि जो मेला त्याचं काय?

कार्यक्रमवाल्यांनी कथबर्टला काढलं. उद्या ग्रेनाडा आहे, तिथेच उतरवणार. हे त्यानेच सांगितलं. खालच्या डेकवर रेलिंगपाशी उभा होता. मी मुद्दाम गेले. माफी मागेल, पाया पडेल, म्हटलं ते तरी बघावं.

"अल्बन कशाने गेला?" त्याने विचारलं.

"हृदयाने."

"झोपेत?"

"अंगणात. कोंबड्यांना दाणे टाकताना. तुला काय करायचंय?"

तो पाण्याकडे बघत राहिला. म्हणाला, "तू अजून तशीच आहेस. लग्नात मी सूर चुकलो तेव्हाही अशीच बघत होतीस."

"विषय बदलू नको. का चोरलंस सांग."

"अल्बन काय म्हणाला होता तुला?"

"कथबर्टने घेतलं, म्हणाला."

त्यावर त्याने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाला, "बरोबर आहे. घेतलं. माझ्यावर घेतलं."

"मग माफी माग."

"मागतो. उद्या बेटावर उतरायचंय मला, एल्मिना. त्याची भीती वाटतेय. तुझी नाही वाटत."

हा माणूस शेवटपर्यंत सरळ बोलायचा नाही. माफी मागितली ती पण कशाची हे कळू दिलं नाही.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी. गुयाव. घरातून.

आज लिहिलं नाही तर उद्या मीच मला खोटं सांगेन.

सकाळी सेंट जॉर्जेसला जहाज लागलं. मला त्याला उतरताना बघायचं होतं. धक्क्यावर टॅक्सीवाले ओरडत होते. एकजण माझ्यापुढे फलक नाचवत आला. "धबधबा, चॉकलेट, जायफळ, सगळं दाखवतो मॅडम." मग नीट बघून म्हणाला, "टांटी एल्मिना? डोळे बरे झाले का तुमचे?" आमच्या गल्लीतला नेव्हिल, तिथली पोरं मला टांटी, म्हणजे मावशी, म्हणतात. म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळणार होतं.

कथबर्ट उतरला. हातात एक बॅग, एक गिटार. जमिनीवर पाय ठेवला आणि तिथेच थांबला, पुढे पाऊल टाकेना. ऑगस्टा त्याला घ्यायला आली होती. ऐंशीची बाई, काठी टेकत. तिने त्याला मिठी मारली नाही. आधी त्याचा डावा हात हातात घेतला आणि बोटं एकेक करून चाचपली. मग मला पाहिलं.

"तूच ना जहाजावर बोललीस? फोनवर सांगितलं याने. समाधान झालं?"

मी म्हटलं, "जे खरं ते बोलले."

"खरं?" ती काठी टेकत जवळ आली. "त्या पहाटे तुझा नवरा गाडीत होता. साहेबाच्या शेजारी. साहेब खाली उतरलासुद्धा नाही. तुझा नवरा उतरला, झेलीला बघितलं आणि परत गाडीत जाऊन बसला."

कथबर्ट म्हणाला, "ऑगस्टा, पुरे."

"पुरे नाही. गाणं लिहिलं त्याने, गायची छाती नव्हती. याच्याकडे रडत आला. साहेबाने विचारलं, कुणी लिहिलं, तर हा म्हणाला मी. पेलच्या माणसांनी याचा हात दगडावर ठेवून बोटं मोडली, एल्मिना. तुझा नवरा राहिला साहेबाने दिलेल्या घरात, साहेबाच्या नोकरीत. तू त्याच घरात पोर जन्माला घातलंस. आणि माझ्याकडे चर्चमध्ये पाठ फिरवतेस."

मी कथबर्टकडे बघितलं. खोटं म्हण, एवढंच मला हवं होतं. त्याने हॅट डोक्यावर नीट बसवली. म्हणाला, "तू पोटुशी होतीस. ते घर गेलं असतं तुमचं. तो एकटा असता तर बोलला असता."

"नसता बोलला," ऑगस्टा म्हणाली.

"कथबर्ट, तू मला काल का नाही सांगितलंस?"

"त्याला वचन दिलं होतं. गावाला कळलं तर कळू दे, म्हणाला होता. एल्मिनाला नको."

जहाजावर मी परत गेले नाही. बॅग तिथेच राहिली. नेव्हिलच्या गाडीतून तिघंही गुयावला आलो.  तो उतार आला तेव्हा नेव्हिलने नेहमीसारखी गाडी हळू केली, आणि कथबर्टने तोंड खिडकीकडे वळवलं.

आज शुक्रवार. आमच्याकडे शुक्रवारी संध्याकाळी रस्त्यावर मासे तळतात, सगळं गाव येतं, वाद्यं वाजतात. मी दिवसभर स्वयंपाकघरात बसून होते. अल्बनचं प्रत्येक वाक्य आठवून बघितलं. तू नको त्यात पडू, एल्मिना. मासे मिळाले नाहीत, एल्मिना. माझ्या रागाने तो एवढी वर्षं दुसऱ्याचं घर जाळत राहिला आणि शेजारी बसून शेकत राहिला. मी कथबर्टला शिव्या द्यायचे तेव्हा तो माझ्या ताटात वाढायचा. मग मनाशी म्हटलं, त्याची अब्रू पण तशीच काढायची. जशी कथबर्टची काढली, सगळ्यांसमोर.

पाच वाजता गेले. मा झेलीची नात डॉरिस नेहमीच्या जागी माशाचे वडे तळत होती. ढोलवाल्यांना थांबवलं. कथबर्टला कळलं मी काय करणार ते. गर्दीतून लगबगीने आला. "एल्मिना, नको. तो मेलाय."

"म्हणूनच. जिवंत असताना संधी दिली नाही त्याने."

आणि मी बोलले. सगळं. अल्बन मोडेस्ट गाडीत होता. मा झेलीला रस्त्यावर टाकून आला. त्याने गाणं लिहिलं आणि मित्राला पुढे केलं. मित्राची बोटं मोडली तरी गप्प राहिला, आणि बायकोला सांगितलं की मित्राने घेतलं. माझा नवरा भित्रा होता, हे मी त्याची बायको सांगते आहे.

 कुणाला धक्का बसलेला दिसेना. म्हातारे जमिनीकडे बघत होते.

डॉरिसने झारा ठेवला, हात पुसले. "टांटी, आम्हाला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"अल्बनकाका माझ्या आईकडे आले होते. त्याच वर्षी, पावसाळ्यात. दारात उभं राहून सगळं सांगितलं त्यांनी. आईने अंगावर पाणी ओतून हाकललं. दुसऱ्या वर्षी पुन्हा आले. मग येतच राहिले. शेवटी आईने बसायला खुर्ची दिली." तिने चूल बारीक केली. "आई सगळ्यांना सांगायची, एल्मिनाला कुणी बोलायचं नाही, तिला दिवस आहेत. मग बाळ झालं, मोठं झालं, तरी सांगायचं राहूनच गेलं."

म्हणजे झेलीच्या लेकीला सांगितलं. गाव ओळखून होतं. पेल साहेब मेला, त्याचा मळा तुकडे करून विकला गेला. भ्यायला कुणी उरलं नव्हतं, फक्त मी. साहेबाला तो एवढा घाबरला नसेल जेवढा मला घाबरला.

डॉरिसने कागदात दोन वडे बांधून दिले. मी घेतले. काय करणार, गरम होते.

सोमवार, १८ फेब्रुवारी.

अनीसचा फोन. कुणीतरी तिला चित्रफीत पाठवली. "आई, बाबांना सगळ्यांसमोर असं बोललीस? ते असते तर?" मी म्हटलं, "ते असते तर मी स्वयंपाकघरात बोलले असते." तिने फोन ठेवला.

अल्बनचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवलाय. सकाळी सवयीने दोन कप काढले. एक परत ठेवला.

रविवार, २४ फेब्रुवारी.

चर्चमध्ये शांतीचा हात द्यायची वेळ आली. मी वळून ऑगस्टापुढे हात केला. ती बघत राहिली, काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, आणि पुढच्या बाकावरच्या माणसाला हात दिला. माझा हात तसाच राहिला. तिची सत्तेचाळीस वर्षं अजून उरलीत.

गुरुवार, ७ मार्च.

सकाळी कथबर्ट आला. तो आता ऑगस्टाकडेच राहतो, परत जहाजावर जायचं नाही म्हणतो. दारातूनच म्हणाला, "मला त्याची कबर दाखव."

मी नेलं. डोंगराच्या अंगाला आमचं कब्रस्तान आहे, खाली समुद्र दिसतो. फाटकापाशी मी थांबले. म्हटलं, "तिसरी ओळ, आंब्याखाली. तू जा."

"तू नाही येत?"

"माझं त्याच्याशी बोलणं बंद आहे."

तो एकटाच आत गेला. मी भिंतीवर बसून राहिले. ऊन चढलं होतं. दुरून दिसत होतं, त्याने हॅट काढली आणि कबरीच्या कडेला बसला. तोंड हलत होतं. गात होता की बोलत होता, कळलं नाही. मधेच तो जोरात काहीतरी म्हणाला आणि हाताने मातीवर एक फटका मारला, चालणाऱ्या दोन बोटांच्या हाताने. मग तसाच हात ठेवून बसला.

परत आला तेव्हा गुडघ्याला माती होती.

मी विचारलं, "काय म्हणालास?"

"शिवी दिली. सत्तेचाळीस वर्षं तोंडात धरून ठेवली होती."

"माझ्या वाटची दिलीस का?"

"ती तुझी तू दे."

 त्याने फाटक माझ्यासाठी उघडं धरलं आणि उभा राहिला. घाई केली नाही. मी बराच वेळ भिंतीवरच बसले होते. शेवटी म्हटलं, "तू खाली जा, मला वेळ लागेल. त्याच्याशी मला बरंच भांडायचंय." मग मी आत गेले.